लाल पट्ट्याचं झाड आणि माझी उरलेली मालमत्ता

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय बावीस, शिक्षण कॉलेजची दोन वर्षं आणि एक भांडण, व्यवसाय जंगल वाचवणे (बिनपगारी), असं लिहून ठेवतो की हे लिहिताना माझं डोकं ठिकाणावर आहे, मी काही प्यायलेलो नाही आणि माझ्यावर कोणाचाही दाब नाही. डोक्याबद्दल माझ्या ताईचा आक्षेप आहे. "तुझं डोकं ठिकाणावर कधी होतं, ती तारीख आधी लिही," असं ती म्हणाली. हा आक्षेप मी नोंदवून घेतला आहे आणि फेटाळला आहे.

लिहिण्याचं कारण असं की उद्या सकाळी सात वाजता करवतीवाले जंगलात येणार आहेत. नव्या रस्त्यासाठी चारशे बारा झाडं जायची आहेत. त्यात चारशे तेरावं एक झाड माझ्या हातून वाढलं, त्याचा खुलासा कलम आठमध्ये आहे. त्या झाडावर मी उद्या उजाडताच साखळी बांधून चढून बसणार. आमच्या समितीचा नियम आहे की झाडावर बसणाऱ्याने आधी मृत्युपत्र लिहून द्यायचं. नियम वकीलमावशींचा. त्या समितीच्या कायदेशीर सल्लागार, आणि आईची मैत्रीण म्हणून माझ्या मावशी. त्या म्हणाल्या, "तू पडलास तर तुझी सायकल कोणाची, यावरून तुमच्या घरचे समितीच्या दारात भांडत यायला नकोत." मी पडलो तर, याबद्दल त्यांना बाकी काही म्हणायचं नव्हतं.

त्यांनी आणखी एक सांगितलं: दोन साक्षीदार हवेत, आणि ज्याला काही ठेवलंय त्याची सही साक्षीदार म्हणून घ्यायची नाही. सही केली की त्याचा वाटा गेला. तेव्हा मी मान डोलावली. त्याचा त्रास पुढे झाला.

हे मी त्या झाडापासून चाळीस पावलांवर एका आडव्या ओंडक्यावर बसून लिहितो आहे. दुपारचे दोन वाजले आहेत. डास आहेत.

कलम १. यापूर्वीचं माझं मृत्युपत्र रद्द. ते मी शाळेत असताना लिहिलं होतं, कारण शेजारच्या बाकावरच्या मुलीने माझी वही परत करताना माझ्याकडे बघितलं नव्हतं. त्यात सर्व मालमत्ता तिच्या नावे होती. मालमत्ता म्हणजे कंपासपेटी. पेटीतलं कर्कटक तिच्या भावाने आधीच नेलेलं आहे.

कलम २. सायकल ताईला. ब्रेक नाहीत, हे तिला माहीत आहे, तिनेच तोडले. तिने मला "हुतात्मा" म्हणून हाक मारणं माझ्या पश्चात बंद करावं, कारण तेव्हा ते खरं असेल आणि खऱ्या गोष्टीत तिला गंमत येत नाही.

कलम ३. माझी दुर्बीण माझ्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना. रस्त्याच्या आधी जंगलात कोण कोण राहतं याचा अहवाल सरकारला द्यावा लागतो. तो सरांनी दिला. त्यासाठी ते जंगलात एकदा, दोन तासांसाठी आले आणि त्यातला एक तास डबा खाण्यात गेला. अहवालात लिहिलं: "पक्षी सर्वसामान्य. धनेश आढळला नाही." धनेश म्हणजे हाताएवढ्या चोचीचा पक्षी. उडतो तेव्हा डोक्यावरून कोणीतरी सतरंजी झटकत चाललंय असा आवाज येतो. तो सरांच्या डोक्यावरूनच गेला होता, मी मदतनीस म्हणून शेजारी उभा होतो. मी भर वर्गात म्हणालो, "सर, धनेश आढळला होता. तुम्ही तेव्हा झाकण उघडत होता."

सर म्हणाले, "माफी माग, नाहीतर बाहेर हो."

मी बाहेर झालो. जाताना दार जरा जोरात लागलं. दाराची काच हा या मृत्युपत्राचा विषय नाही. दुर्बिणीची लहान काच डोळ्याकडे धरायची असते, हे सरांना कोणीतरी समजावून सांगावं.

कलम ४. माझ्याकडे उरलेल्या एकोणीस टोप्या समितीच्या अध्यक्षांना परत. टोप्यांवर "झाड वाचवा" असं छापलं आहे आणि प्रत्येक टोपी वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत आहे. अध्यक्षांविषयी माझ्या मनात आदर आहे, पण तो त्यांच्या घरी बैठकीला गेलं की कमी होतो. बैठक एका टेबलाभोवती होते. टेबल अखंड फळीचं आहे, बारा माणसं बसतात, मध्ये सांधा नाही. एवढी फळी ज्या झाडातून निघाली ते आज उभं असतं तर त्याच्यासाठीच समिती काढावी लागली असती. मी एकदा तसं बोललो. अध्यक्ष टेबलावरून हात फिरवत म्हणाले, "तेव्हा जागृती नव्हती रे." टेबल माझ्या बाबांनी बनवलेलं आहे, म्हणून मी पुढे बोललो नाही.

कलम ५. आईला माझी खोली, म्हणजे जी तिचीच होती. तिथल्या पिसांच्या डब्याला तिने फडकं मारू नये. काल मी तिला झाडावर बसण्याचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बस. पण जेवून बस." मी म्हटलं, आई, तिथे जीव जाऊ शकतो. "मग उपाशी जाऊ दे का?" मी दोन वेळा वाढून घेतलं.

कलम ६. बाबांना त्यांचा वाकस परत.

बाबा सुतार आहेत. मी त्यांच्या हाताखाली काम शिकावं अशी त्यांची फार इच्छा होती. मी सोळाव्या वर्षी त्यांना सांगितलं की मी लाकडाला हात लावणार नाही, लाकूड म्हणजे झाडाचं प्रेत. बाबा रंधा मारत होते. त्यांनी हात थांबवला नाही. म्हणाले, "बरं. आणि हे ज्या खुर्चीवर बसून बोलतोयस ती काय आभाळातून पडली?" सहा वर्षं मी या प्रश्नाचं उत्तर शोधतो आहे. माझ्या पश्चात कोणाला सापडल्यास त्यांना कळवावं.

वाकस म्हणजे लाकूड तासायचं त्यांचं आवडतं हत्यार, त्यांच्या वडिलांच्या हातचं. परवा मी ते न विचारता नेलं. कशासाठी, ते आता कलम आठमध्ये येईलच. पात्याला दोन खाचा पडल्या आहेत. त्याबद्दल मला वाईट वाटतं, पण हे मी जिवंतपणी बोलणार नाही.

कलम ७. नोंदवहीवालीला, तिला उद्देशून लिहिलेली आणि न दिलेली सतरा पत्रं.

ती इथे धनेशाच्या घरट्याचा अभ्यास करते. कोण कुठली ते लिहीत नाही, तिला आवडायचं नाही. धनेशाची मादी अंडी घालायला झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. एक फट ठेवते, तेवढीच. पंखांची पिसंही आतच झडतात, त्यामुळे मनात आलं तरी उडता येत नाही. नर चार महिने बाहेरून फळं आणून त्या फटीतून भरवतो. नोंदवहीवाली स्टुलावर बसून तो किती वाजता आला आणि किती फळं दिली ते लिहिते. आज मादी आत बसल्याचा शहाण्णवावा दिवस आहे. पिल्लू झालं आहे, त्याचा आवाज येतो.

पहिल्या आठवड्यात मी तिला म्हणालो, "या नरासारखं प्रेम कोणाला जमेल?"

ती म्हणाली, "हळू बोल. तो फांदीवर थांबलाय, तुझ्यामुळे घरट्यापाशी येत नाहीये."

तिच्या वहीत शेवटचा रकाना "व्यत्यय" असा आहे. त्यात लाकूडतोडे, माकडं आणि वादळ यांच्या जोडीने मी सतरा वेळा आहे. "१०.१५. तो आला. बोलला. नर वीस मिनिटं आला नाही." प्रत्येक वेळी घरी जाऊन मी एक पत्र लिहिलं. ती पत्रं तिला माझ्या मृत्यूनंतर द्यावीत, आधी नाही. नववं पत्र कवितेत आहे, ते वगळलं तरी चालेल.

कलम ८. रंगाचा रिकामा डबा कोणालाच नाही. तो माझ्याबरोबर जाळावा.

समितीने ठराव केला होता की घरटी असलेल्या अकरा झाडांना ओळखीचा पट्टा मारायचा, म्हणजे ती वाचवायची झाडं हे लोकांना दिसेल. रंग आणायचं काम माझ्याकडे आलं. कोणता रंग, ते ठरावात नव्हतं. दुकानदाराकडे पिवळा होता, हिरवा होता. मी लाल घेतला, कारण नोंदवहीवालीची टोपी लाल आहे. दुकानदार म्हणाला, "पंधरा वर्षं ऊन-पावसाने काही होणार नाही." त्याने खोटं सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

डबा अकरा झाडांना पुरायचा होता. मी सुरुवात तिच्या झाडापासून केली आणि भावनेच्या भरात तिथेच संपवला. दोन हात, वीतभर रुंदीचा पट्टा. मागे जाऊन बघितलं, छान दिसत होतं.

परवा चहाच्या टपरीवर कापणाऱ्यांचा मुकादम भेटला. म्हातारा, कानामागे खडू, कोणाच्या अध्यात ना मध्यात. मी विचारलं, एवढ्या झाडांतून नेमकी कापायची कशी ओळखता? म्हणाला, "आमच्या तीन खुणा, पोरा. लाल पट्टा म्हणजे कापायचं. दुसरी..."

मी उठलो. "ऐकून तर घे!" असं तो मागून ओरडला.

ते झाड रस्त्याच्या रेषेत नव्हतंच. सत्तर पावलं आत होतं. कोणी त्याच्याकडे ढुंकून बघितलं नसतं. त्याला मी फाशीच्या रांगेत आणून उभं केलं, तेही तिच्या टोपीच्या रंगात.

मी घरून वाकस उचलला आणि पट्टा तासला. रंग पुरता निघेना, जागोजागी साल मात्र निघाली. काल मुकादम स्वतः झाडं बघत फिरत होता. तासलेलं खोड बघून म्हणाला, "अरे वा, हे कोणी केलं? चला, म्हणजे इथूनच सुरुवात. साल तासलेली ही दुसरी खूण, ते सगळ्यात आधी पाडायचं. आणि तिसरी..."

मी त्याची कॉलर धरली. चूक होती, वयाने मोठा माणूस आहे. मी म्हणालो, पट्टा मी मारलाय, साल मी काढली आहे, हे झाड तुमच्या यादीत नाही.

"यादी मला कोण दाखवतो?" कॉलर नीट करत तो म्हणाला. "तुमच्यातला एक जण रोज हेच सांगायला येतो. खूण कोणी केली हे मी विचारत नाही. खूण आहे ना?"

तिथून मी वनखात्याच्या कार्यालयात गेलो. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "पट्टा मारण्याचा अर्ज आहे आमच्याकडे. पट्टा काढण्याचा नमुना अजून आलेला नाही." मग प्रत्येक तोडलेल्या झाडामागे दहा रोपं लावणार आहेत, त्याची चित्रं दाखवली. मी विचारलं, त्यातल्या कोणत्या रोपाला उद्यापर्यंत ढोली पडेल? त्यांनी शिपायाला बोलावलं.

समितीला मी हे सांगितलेलं नाही. समितीने त्या पट्ट्याचा फोटो पत्रकावर छापला आहे. नोंदवहीवालीलाही सांगितलेलं नाही. ती चाळीस पावलांवर बसून लिहिते आहे आणि मी इथे बसून लिहितो आहे. उद्या झाडाआधी मी पडलो तर तिला हे या कागदातून कळेल, आणि झाड पडलं तर तिला कळून उपयोग नाही. एवढाच माझा विचार आहे.

कलम ९. येथे लिखाण थांबवावं लागलं, कारण बाबा आले.

दुकान बंद करून, दीड तास चालत, पायात घरातल्या चपला. आल्या आल्या म्हणाले, "वाकस कुठंय?"

मी दिला. त्यांनी पात्यावरून अंगठा फिरवला. दोन्ही खाचांवर थांबले. "कशाला लावलास?"

मी झाडाकडे बोट दाखवलं. बाबा खोडाजवळ गेले, तासलेली जागा बघितली आणि म्हणाले, "शिकला असतास तर निदान सरळ तरी तासलं असतंस." तेवढ्यात उद्याच्या कामाची पाहणी करत मुकादमही येऊन उभा राहिला. दोघांची वीस वर्षांची ओळख निघाली, बाबांच्या दुकानात लाकूड याच्याकडून येतं. मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

"मिस्त्री, हा तुमचा पोरगा?"

"सध्या तरी."

बाबांनी वाकसाची पाठ खोडावर वाजवली. नोंदवहीवाली स्टुलावरून उठली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "हळू! आत आहे ती." बाबांनी तिच्याकडे बघितलं आणि पुढचे ठोके परक्याच्या दाराची कडी वाजवावी तसे घातले. ढब्ब. ढब्ब. थोडं वर, पुन्हा ढब्ब. आतून कोणीतरी टक् केलं.

मुकादम मागे सरकला. "आत कोण आहे?"

"भाडेकरू," बाबा म्हणाले. "पोकळ आहे हो हे, पार वरपर्यंत. एक फळी निघायची नाही यातून. तुमच्या करवतीची साखळी अडकेल ती वेगळीच."

मुकादमाने कान लावून ऐकलं. मग कानामागचा खडू काढला आणि माझ्या पंधरा वर्षं टिकणाऱ्या पट्ट्यावर पांढरी फुली मारली. "तिसरी खूण. पोकळ. याला हात लावायचा नाही." मग माझ्याकडे वळून, "दोनदा सांगत होतो याला. दोनदा!"

मी ओंडक्यावर बसलो. इतका वेळ मरायची तयारी करून बसलेल्या माणसाचं एका खडूच्या फुलीने काय होतं, ते कोणत्याही कलमात बसत नाही.

बाबा मात्र थांबले नाहीत. रस्त्याच्या रेषेत गेले आणि एकेका झाडावर वाकस वाजवत चालले. टण्ण. टण्ण. पंचवीस-तीस झाडं झाली, एकही ढब्ब नाही. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "सगळी खणखणीत आहेत रे," ते म्हणाले. "सोन्यासारखं लाकूड." आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य त्यांनी आनंदाशिवाय म्हटलं. ज्यातून काही निघणार नाही ते झाड राहिलं आणि जी उत्तम आहेत ती उद्या जातील, हे मी पत्रकात घालायला समितीला सुचवतो आहे. ते घालणार नाहीत, फोटो आधीच छापून झाला आहे.

कलम १०. म्हणून दुरुस्ती: "त्या झाडावर" असं वर जिथे लिहिलं आहे तिथे "रस्त्याच्या रेषेतल्या एक नंबरच्या झाडावर" असं वाचावं. मी उद्या तिथे बसणार. बाबांना सांगितलं तेव्हा ते त्या झाडापाशी गेले. खिशातून टेप काढून पहिल्या फांदीची बेचकी मोजली. म्हणाले, "बसायची फळी मी बांधून देतो. खिळा मारत नाही, दोरीने. तू बांधलीस तर करवतीच्या आधी तूच खाली येशील." कलम सहामधली खुर्ची आणि ही फळी यांचा परस्परसंबंध मला अजून लागलेला नाही, पण फळी मी स्वीकारली आहे.

बाकी सर्व कलमं कायम. राहता राहिले साक्षीदार, आणि तिथे माझं गाडं अडलं. आई, बाबा, ताई, सर, अध्यक्ष, ज्यांना ज्यांना मी ओळखतो त्या सगळ्यांना काही ना काही ठेवून बसलोय. ज्याला काहीच ठेवलेलं नाही असा एकच माणूस समोर होता.

मुकादम म्हणाला, "सही करतो. पण उद्या सातला मी करवती घेऊन येणार म्हणजे येणार, हे त्यात लिही. मागून विश्वासघात म्हणू नकोस." लिहिलं आहे.

दुसऱ्या साक्षीदारासाठी मी इकडे तिकडे बघत होतो. नोंदवहीवाली म्हणाली, "आण इकडे." साक्षीदाराला आतला मजकूर वाचायची गरज नसते, असं मी तिला सांगितलं. तिने पहिल्यापासून वाचायला घेतलं. कलम आठला ती थांबली. मी झाडाकडे बघत राहिलो.

"रंगाचं मला माहीत होतं," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तुझ्या कानामागे अजून आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तू कधी बोलतोस ते बघत होते. रोज बोलायचास, फक्त हे सोडून." मग ती पुन्हा कलम सातवर गेली. "मी सही केली की ही पत्रं मला मिळणार नाहीत ना?"

"नाही. वकीलमावशी म्हणाल्या, सही केली की वाटा गेला."

"बरं झालं," ती म्हणाली आणि पेन मागितलं. "मेल्यावर मिळणारी पत्रं मी काय करू? आण उद्या. सहाला येते, शिडी धरायला कोणीतरी लागेलच. नववंसुद्धा आण."

हा कागद मी वाचून, समजून, एक चूक कबूल करून आणि एक इच्छा रद्द करून पुरा केला आहे. खाडाखोड तीन ठिकाणी आहे, ती माझीच. कलम सातवरची आडवी रेघ तिने मारली आहे.

ठिकाण: फुली मारलेल्या झाडापासून चाळीस पावलांवर.

दिनांक: मादी आत बसल्याचा शहाण्णवावा दिवस.

लिहून देणार: (सही) हुतात्मा, सध्या जिवंत.

साक्षीदार क्रमांक एक: (अंगठा, खडूसकट) मुकादम. सही येते, पण चष्मा घरी राहिला.

साक्षीदार क्रमांक दोन: (सही) नोंदवहीवाली.

सहीखाली तिच्याच अक्षरात, बहुधा सवयीने: "५.२०. नर आला. चार फळं. तो शेजारीच होता. व्यत्यय: नाही."